कासऱ्याचं दुसरं टोक

खोली बघायला गेलो तेव्हा सरांनी आधी भाडं सांगितलं नाही. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. अंगणात उभ्याउभ्या माझ्या हातात दोरीचं एक टोक दिलं आणि दुसरं टोक धरून ते भिंतीपर्यंत मागे गेले.

"धरा नीट."

मी धरलं. बैलाचा जुना कासरा होता. सरांनी मनगटाला एक झटका दिला. दोरीत उंचवटा उठला, पळत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या हाताला हिसका बसला.

"काय आलं?"

"दोरी," मी म्हणालो.

"दोरी तर मघापासनं तुमच्या हातातच हाय. आलं काय?"

मागून बायको हळूच म्हणाली, "खोली बघायला आलोत का दोरी ओढायला?" ती हळू बोलली तरी चार घरांना ऐकू जातं. सर तिच्याकडे वळले. "ताई, दोरी इथनं तिथं गेली न्हाई. निरोप गेला. माल जाग्यावर, निरोप पुढं. एवढं कळलं की लाट कळली." मग कासरा गुंडाळून त्यांनी खुंटीला अडकवला. "वरच्या दोन खोल्या हायत. उन्हाळ्यात तापतात. बघून घ्या."

खोल्या घेतल्या. निरोपाचं काही कळलं नाही.

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर पहिली अडचण हीच, की ते मला कधी पुरते कळलेच नाहीत. मी आकड्याचा माणूस. पाटबंधारे खात्यात तोवर सव्वीस वर्षं एकच काम केलं होतं. जलाशयात एक उभी मोजपट्टी असते. पाणी तिच्यावर कुठवर आलंय ते ठरल्या वेळी वाचायचं आणि रजिस्टरात लिहायचं, सेंटिमीटरपर्यंत. अंदाजे म्हणून मी आजवर काही लिहिलेलं नाही. सर तो कासरा अकरा हातांचा म्हणत. मी एका रविवारी टेप लावून मोजला. पाच मीटर दहा सेंटिमीटर भरला. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, आता त्याला झोप लागंल."

नांदेडहून लातूरला खोली करायची कारण मुलीचा क्लास. आमच्या भागात हे काही नवीन नाही. मूल अकरावीला गेलं की आई त्याच्याबरोबर लातूरला जाते, बाप मागे नोकरी सांभाळतो आणि शनिवारी एसटीने डबे घेऊन येतो. त्या गल्लीत आमच्यासारखी नऊ बिऱ्हाडं होती. नवरा असलेलं एकही नाही, शनिवार-रविवार सोडून. वैष्णवीला डॉक्टर व्हायचं होतं. खरं म्हणजे आम्हाला तिला डॉक्टर करायचं होतं आणि तिने नाही म्हटलेलं नव्हतं.

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. पत्नी वारलेल्या, मुलगा बंगळुरूला. कपाळावर भस्म, अंगात बंडी, खिशात खडू. शाळा सुटून अकरा वर्षं झाली तरी खडू सुटला नव्हता. सकाळी समोर दिसले की नमस्काराऐवजी "शरणार्थ" म्हणायचे, आणि लगेच काहीतरी विचारायचे. मला नावाने हाक त्यांनी कधी मारली नाही. "काय पाटबंधारे, आलात का?" असंच.

त्यांच्यासमोर 'लाट आली' म्हणायची सोय नव्हती. एकदा मी बसमधून उतरून "आज उन्हाची लाट आहे" म्हणालो, तर दहा मिनिटं दारातच उभं केलं. वरच्या मजल्यावर हाक मारायची तर ते कधी ओरडत नसत. अंगणातल्या नळाच्या पाइपवर दगडाने दोन ठोके द्यायचे. तो पाइप वर आमच्या मोरीत येई, ठोका तिथे ऐकू जाई. बायको गॅलरीत येऊन विचारायची, "काय झालं सर?" ते म्हणायचे, "काही न्हाई. लोखंडातनं निरोप किती लवकर येतो ते बघितलं."

तरंगांचे दोन प्रकार त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितले असतील. कासऱ्यातली लाट पुढे जाते, पण दोरीचा प्रत्येक कण आपापल्या जागी वर-खाली हलतो, लाटेच्या वाटेला काटकोनात. तो अवतरंग. दुसरा अनुतरंग, त्यात कण लाटेच्या वाटेवरच पुढे-मागे हलतात. आवाज तसा जातो. हे दाखवायला त्यांनी गल्लीतल्या गादीवाल्या रफिकभाईंकडून मोडक्या सोफ्यांच्या स्प्रिंगा आणून एकमेकींत अडकवल्या होत्या आणि ती माळ आमच्याच कपडे वाळत घालायच्या तारेला दोऱ्यांनी टांगली होती. एका टोकाला चापट मारली की स्प्रिंगा दाटायच्या, ते दाटणं पुढे सरकत जायचं, मागे सैल व्हायचं. बायको ओल्या चादरी घेऊन उभी. "सर, तुमचं झालं का? तार पाहिजे."

मी दोन्ही नावं खिशातल्या डायरीत लिहून ठेवली. पुढच्या शनिवारी उघडून बघितलं तर उलटी लिहिलेली. दुरुस्त केली. त्याच्या पुढच्या शनिवारी वाटलं, आधीचंच बरोबर होतं.

सर माणसांनाही या दोन खणांत टाकायचे. रफिकभाई अवतरंग. त्यांना उशी मागा, ते देगलूरच्या मेव्हण्याचं लग्न सांगतील, मग त्याची बस चुकली ते सांगतील, दोन्हीकडे हेलकावे खातील, पण उशी वेळेवर पोचेल. रफिकभाईंना हे मान्य होतं. "अपना तो ऐसाच है सरजी. सीधा बोल्या तो गिऱ्हाइक को शक आता." माझी बायको अनुतरंग. ज्या दिशेला जायचं त्याच दिशेला धक्का. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं त्या सकाळी बायकांची रांग लागे आणि मागून धक्का निघाला की तो शेवटच्या घागरीपासून पहिलीपर्यंत सरकत जाई. सर दारातून बघत असायचे. "बघा ताई, धक्का पुढं गेला, बाया जाग्यावरच."

"जाग्यावर हायत म्हणून तर भांडण हाय," बायको रांगेतून म्हणायची.

"आणि मी कुठला?" मी एकदा विचारलं.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचं ठरंना."

लातूरचे म्हणून येणारा-जाणारा त्यांना भूकंपाचं विचारी. ते तेवढंच सांगायचे, की आधी अनुतरंग येतो, खालून धडक दिल्यासारखा. मागून अवतरंग येतो, तो घर हलवतो. आणि मग कढीपत्त्याला पाणी घालायला उठायचे. त्यांचं मूळ गाव औसा-निलंग्याकडचं होतं एवढं रफिकभाईंकडून कळलं. पुढे मी विचारलं नाही.

वैष्णवीचं आणि त्यांचं जमलं. क्लासवरून आली की ती अर्धा तास खाली असायची. अंगणात पाण्याचा सिमेंटचा हौद होता, आठ दिवसांचं पाणी त्यात भरून ठेवायचं. एका रविवारी सकाळी बघतो तर दोघं हौदावर ओणवी. सर पाण्यात पाट वरखाली करतायत आणि वैष्णवी तरंगणाऱ्या मोगऱ्याच्या कळीवर डोळे लावून बसलीय.

"सर, प्यायचं पाणी हाय ते," बायको म्हणाली.

"पाट धुतलेला हाय ताई."

"काय करून राहिलेत हे?"

"पाणी कसं हलतं ते बघून राहिलोत. कळी वर-खाली होती का पुढं-मागं?"

मीही वाकून बघितलं. एका ठिकाणी कळी वर-खाली होत होती, वीतभर पलीकडे सरकवली तर नुसती पुढे-मागे. सर म्हणाले, भिंतीवर आपटून लाट परत येते, तिने घोटाळा होतो, हौद लहान पडतो. मोकळ्या पाण्यात दोन्ही एकदमच होतं. मी म्हणालो, पाणी वर-खालीच होतं.

ही गोष्ट तिथेच संपली असती. पण जानेवारीत क्लासची मोठी चाचणी झाली. सातशेवीस गुणांची. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. पाचशेवीसच्या वर ए बॅच, खाली बी बॅच. ए बॅचला चांगले शिक्षक, बी बॅचला उरलेले, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. वैष्णवीला पाचशेसतरा पडले. ती बी बॅचमध्ये गेली.

शनिवारी मी उत्तरपत्रिका घेऊन बसलो, ओळीने एकेक तपासत. एका प्रश्नावर थांबलो. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लाटा कोणत्या प्रकारच्या? वैष्णवीने खूण केली होती 'दोन्ही'. क्लासचं उत्तर होतं 'ट्रान्सव्हर्स', म्हणजे सरांच्या भाषेत अवतरंग, म्हणजे नुसतं वर-खाली. मी कागदावर मांडलं. गेलेले चार आणि कापलेला एक, पाच. पाचशेसतरा अधिक पाच, पाचशेबावीस. एका प्रश्नावर पोरीची बॅच गेली होती.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन दिवस नीट जेवली नव्हती. बायको म्हणाली, "आता त्या दोरीवाल्यांना तुम्ही सांगता का मी सांगू?"

मी खाली गेलो. सर पेपर वाचत होते.

"सर, पाण्यावरची लाट कुठली? एकच उत्तर सांगा."

"एक न्हाई. पाण्याचा कण गोल फिरतो. वर-खालीही जातो, पुढं-मागंही जातो. दोन्ही."

"क्लास म्हणतो अवतरंग."

"क्लासला घाई हाय."

मला राग आला. मी सहसा चढ्या आवाजात बोलत नाही. "सर, सव्वीस वर्षं मी पाणी वाचतोय. वर होतं, खाली होतं. रजिस्टरं आहेत माझ्याकडे. पुढे-मागे झालेलं एकदाही लिहिलेलं नाही."

सरांनी पेपरची घडी घातली. "पाटबंधारे, तुमची पट्टी उभी हाय. उभ्या पट्टीला उभंच दिसणार. तिचं काय चुकलं?"

सव्वीस वर्षांत माझ्या वाचनावर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "परीक्षा होईपर्यंत वैष्णवीला काही शिकवू नका. लाटांचं एक अक्षर बोलू नका."

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बससाठी निघताना बघितलं तर खुंटीवर कासरा नव्हता. तारेवरची स्प्रिंगांची माळही काढलेली. बायकोला तार पूर्ण मोकळी मिळाली होती आणि ती चादरी न घालता तशीच उभी होती.

पुढचे पाच-सहा शनिवार मी गेलो. सर "शरणार्थ" म्हणायचे आणि पुढे काही विचारायचे नाहीत. पाइपवर ठोके बंद झाले. उन्हाची लाट आली असं मी एकदा मुद्दाम म्हणून बघितलं. ते म्हणाले, "हो, लई ऊन हाय." बायकोनेच मला सांगितलं, "ते बोलंनात तर घर कसंतरीच वाटून राहिलंय." मी म्हणालो, परीक्षेपर्यंतच आहे. वैष्णवी आता नुसता क्लास करत होती, आणि गुण वाढले नव्हते.

मार्चमध्ये एका सकाळी जलाशयावर वारा होता. आमची पट्टी पाण्यात एकट्या खांबावर आहे, काठापासून लांब. तिच्यापर्यंत लोखंडी पूल जातो. वाचन घेताना खांबाच्या पलीकडे थर्माकोलचा एक तुकडा दिसला, बोराएवढा. वर आला, खाली गेला. मी लिहिणार तेवढ्यात लक्षात आलं, वर आल्यावर तो थोडा पुढे जातोय आणि खाली गेल्यावर मागे येतोय. पुन्हा बघितलं. पुन्हा तसंच.

मग मी जे केलं ते खात्यात कुणाला सांगितलेलं नाही. मी पुलाच्या फळ्यांवर पालथा झोपलो. हात खाली पाण्यापर्यंत पोचत होता. वैष्णवीची शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी माझ्या पिशवीत असते, ओळी आखायला. ती मी तुकड्याच्या बाजूला आडवी धरली. आधी उभं मोजायचं, मग आडवं, अशी दहा-दहा वाचनं घेतली. हात भरून आला, शर्ट भिजला. सरासरी काढली. वर-खाली सात पूर्णांक सहा सेंटिमीटर. पुढे-मागे सात पूर्णांक नऊ.

जवळजवळ सारखंच. म्हणजे गोल.

मी उठून बसलो. रजिस्टर उघडलं. त्यात तारीख, वेळ, पातळी, शेरा असे रकाने आहेत. आडव्यासाठी रकाना नाही. माझी सव्वीस वर्षांची वाचनं चुकीची नव्हती. पातळी पातळीच असते. पण मी पाणी वाचतोय असं ज्या तोऱ्यात सरांना म्हणालो होतो, ते काही खरं नव्हतं. मी पाण्याचा एक खण वाचत होतो. मग क्लासचं उत्तर चूक का? आणि चूक उत्तरावर पोरीला चार गुण मिळाले असते ते बरोबर का? डायरीत दोन्ही सरासऱ्या लिहिल्या आणि घरी आलो.

शनिवारी लातूरला पोचलो. वैष्णवी अभ्यास करत होती. मी डायरी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, पालथं झोपल्याचंही. ती आकडे बघून हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

"बेटा, सरांचं बरोबर होतं," मी म्हणालो. "पण त्यांनी तुला सांगायच्या आधी क्लासमध्ये काय शिकवलंय हे बघायला हवं होतं. तुझे पाच गुण..."

"पप्पा, क्लासचं उत्तर मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"त्यांच्या नोट्समध्ये लिहिलंय. ट्रान्सव्हर्स. त्या लेक्चरला मी पहिल्या बाकावर होते. पण आपल्या हौदात कळी पुढे-मागे झालेली मी बघितली होती. आणि सरकारी पुस्तकातपण दोन्ही असंच आहे. म्हणून मी दोन्ही लिहिलं."

"सर म्हणाले म्हणून नाही?"

"सर तर म्हणाले होते, पेपरात क्लासला पाहिजे ते लिही, गुण घे, खरं वहीत लिहून ठेव. मीच ऐकलं नाही."

"मग हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

ती डायरीवरच्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. "तुम्ही गुण किती पडले तेवढंच विचारलं. पुढे बेरीजच करत होता."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. बायको ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "मग आता खाली जाऊन या."

मी खाली गेलो. सर अंगणात खुर्चीवर बसले होते.

"शरणार्थ."

"शरणार्थ," मी म्हणालो. पुढे काय म्हणायचं ते जिना उतरताना तीनदा ठरवलं होतं, तीनदा बदललं होतं. मी डायरी पुढे केली. "सात पूर्णांक सहा उभं. सात पूर्णांक नऊ आडवं. दहा-दहा वाचनं आहेत."

त्यांनी चष्मा लावून पान वाचलं. डोळे उजळलेले मला दिसले, पण त्यांनी डायरी परत केली. "परीक्षा अजून व्हायचीय. परीक्षेपर्यंत बोलायचं न्हाई असं ठरलंय."

"ती अट मी घातली होती. मीच काढतो."

"अशी काढता येती का?"

"कासरा कुठे आहे सर?"

त्यांनी हनुवटीने जिन्याखाली दाखवलं. कासरा एका पोत्यात होता, नीट गुंडाळलेला. मी सोडला. एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं घेऊन भिंतीपर्यंत मागे गेलो. पाच मीटर दहा.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे हिशेब अर्धा राहायला नको. मेमध्ये वैष्णवीची खरी परीक्षा झाली. लाटांवर एकही प्रश्न आला नाही. मेडिकलला लागतील एवढे गुण तिला पडले नाहीत. आता ती नांदेडलाच बी.एस्सी. करते, भौतिकशास्त्र घेऊन. बायको अजून कधी कधी म्हणते, हा त्या दोरीचा नाद आहे. कधी म्हणते, बरं झालं. ए बॅच गेली नसती तर काय झालं असतं, हे मी बऱ्याच वेळा मांडून बघितलंय. उत्तर दर वेळी वेगळं येतं. सर पुढच्या वर्षी थंडीत गेले. मी कुठल्या खणातला, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पण त्या शनिवारी संध्याकाळी ते खुर्चीवर होते, कासऱ्याचं टोक दोन्ही हातांत धरून. वर गॅलरीत दोघी उभ्या होत्या. मी मनगटाला झटका दिला. मला सवय नव्हती, उंचवटा वाकडातिकडा निघाला, तरी पळत त्यांच्यापर्यंत गेला. त्यांच्या हातांना हिसका बसलेला मला दिसला.

"काय आलं?" मी विचारलं.

तेवढ्यात तोच उंचवटा त्यांच्या हातावरून उलटून, खालच्या बाजूने पोट काढून, माझ्याकडे परत आला आणि माझ्या हाताला लागला.

"आलं," सर म्हणाले. "तुमच्याकडं काय पोचलं ते बघा."

मी दोरी धरून उभा राहिलो. हाताला लागलं होतं हे नक्की. त्यात माझं किती आणि त्यांचं किती, ते मला मोजता आलं नाही.